गळ्यातला चुंबक

मला एका जागी बसता येत नाही. लग्नाला गेले तरी दाराजवळची खुर्ची धरते. घरात कुणी आंघोळीला गेलं की पाण्याचा आवाज मध्येच थांबत तर नाही ना, याकडे माझा अर्धा कान असतो. लोक म्हणतात, स्वभाव आहे. स्वभाव वगैरे काही नाही. अठरा वर्षं एकाच माणसाच्या पडण्याची वाट बघत काढली की कुणाचंही असंच होईल.

ते माणूस म्हणजे माझी धाकटी बहीण. माझ्याहून आठ वर्षांनी लहान. ऐंशी साल उलटून गेलं होतं, ती आठ वर्षांची होती आणि आम्ही आंबिवलीला आत्याच्या मुलीच्या हळदीला गेलो होतो. पंगत बसली होती. ही हातात बुंदीचा लाडू घेऊन उभी होती, उभ्या उभ्याच तिने मान एका बाजूला वळवली, जणू कुणी हाक मारली, आणि मग ती सरळ पाठीवर पडली. हातपाय ताठ, तोंडाला फेस. बायकांनी गराडा घातला. कुणी तिच्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला, कुणी तिच्या नाकाशी चप्पल धरली. बाबांनी ती चप्पल हिसकावून अंगणात भिरकावली, ती नेमकी नवरदेवाच्या मामाला लागली. पुढची कित्येक वर्षं त्या घरात आमच्या धाकटीच्या आजारापेक्षा त्या चपलेचीच चर्चा जास्त झाली.

बाबांचं या बाबतीत डोकं फिरायचं. तरुणपणी त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले ताईत, गंडे, अंगाऱ्याच्या पुड्या, सगळं एका फडक्यात बांधून खाडीत सोडलं होतं. वागळे इस्टेटच्या एका कंपनीत ते फिटर होते. यंत्र बिघडलं तर खोलून बघायचं, हा त्यांचा साधा हिशोब, आणि माणसालाही ते तोच लावायचे. आईने एकदा त्यांना चोरून धाकटीला कल्याणच्या पलीकडे कुठल्याशा बाबाकडे नेलं आणि तिच्या दंडाला ताईत बांधून आणला. बाबांना तो दिसला. ते ओरडले नाहीत. त्यांनी ब्लेडने दोरा कापला आणि दोन दिवस जेवले नाहीत. आईने परत ते धाडस केलं नाही.

वर्तकनगरच्या आमच्या घरात त्या आजाराला नाव नव्हतं. 'आलं' एवढंच म्हणायचं. "आज आलं का?" "सकाळी एकदा आलं." आठवड्यातून तीनदा, चारदा यायचं. गोळ्या बदलत गेल्या. एका गोळीने तिच्या हिरड्या सुजून दातांवर आल्या, एकीने ती दिवसभर पेंगत राहिली, एकीने नुसतंच वजन वाढलं. फिट मात्र कुणालाच दाद देईना. ती दहावीला दोनदा बसली, दोन्ही वेळा पेपरात पडली. मग घरीच साड्यांना फॉल-पिको करायला लागली. एकदा मशीनवर असतानाच आलं आणि सुई नखातून आरपार गेली. त्यानंतर घरात कुणीतरी समोर बसल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही, असा नियम झाला. असे नियम पुष्कळ होते. गॅलरीत एकटीने जायचं नाही, दुधाला जायचं नाही, आंघोळ करताना कडी लावायची नाही. आई होती तोवर हा पहारा आईचा होता. नव्वदीच्या सुरुवातीला आई गेली आणि तो माझ्याकडे आला.

माझं लग्न का झालं नाही, असं विचारणाऱ्यांना मी बहिणीचं कारण देते. ते अर्धंच खरं आहे. मला कुणाला आपल्यावर नजर ठेवू द्यायची नव्हती, आणि तिच्यावर नजर ठेवायला दुसरं कुणी चालत नव्हतं, हे दुसरं अर्धं.

मी मेंदूचा आलेख काढायचं काम करायचे. कोपरीला स्टेशनच्या पूर्वेला पहिल्या मजल्यावर एक तपासणी केंद्र होतं, तिथे ईईजीचं यंत्र होतं. डोक्यावर ठरलेल्या जागा मोजून खुणा करायच्या, चिकट पेस्टने एकवीस तारा लावायच्या, आणि पेशंटला डोळे मिटून पडायला सांगायचं. मग शाईच्या बारीक पेनांची रांग कागदावर खरखरायला लागायची आणि घडीचा कागद पुढे सरकत राहायचा. एका पानावर दहा सेकंद. आम्ही चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहून द्यायचो की डोक्याला तेल लावून येऊ नये, आणि दर दुसऱ्या पेशंटला त्याच्या आईने दवाखान्यात जायचंय म्हणून आदल्या दिवशी छान तेल चोपडून, भांग पाडून पाठवलेलं असायचं. तारा घसरायच्या. मी करवादायचे, स्पिरिटने डोकं पुसत बसायचे. ज्या मुलाचं डोकं कोरडं असेल त्याच्या आईला मी मनातल्या मनात शंभरपैकी शंभर द्यायचे.

या कामाने माझ्यात एक खोड भरली. मी कागदावर विश्वास ठेवायला लागले. माणूस काय सांगतो ते मी ऐकून घ्यायचे, पण पेन काय सांगतं ते खरं मानायचे. मेंदूची नेहमीची लय हलकी, बारीक असते. आजार असेल तर मध्येच पेन टोकदार उडी मारतं. त्याला आम्ही स्पाइक म्हणायचो. दर सहा महिन्यांनी मी बहिणीला माझ्याच टेबलावर झोपवून तिच्या स्पाइक मोजायचे. पानामागे दोन, कधी तीन. ती डोळे मिटून शांत पडलेली असायची आणि तिच्या डोक्यात काय चाललंय ते मला उशाशी दिसत असायचं. मला वाटायचं, हिला माझ्याइतकं कुणी ओळखत नाही.

तिच्याकडे एक गोष्ट अशी होती की जिला कुठला नियम लागू नव्हता. आवाज. पंधरा-सोळाव्या वर्षापासून आमच्या वसाहतीतल्या विहारात रविवारी सकाळची बुद्धवंदना तीच पुढे बसून सांगायची. मोठा किंवा कसलेला आवाज नव्हता तो. पण स्वच्छ होता, आणि तिने 'बुद्धं सरणं' म्हटलं की मागची चाळीस-पन्नास माणसं आपोआप सुरात यायची. एरवी जिला 'बिचारी' म्हणायचे तीच माणसं तिथे तिच्या मागून चालायची. बाबा पहिल्या रांगेत बसायचे. मी तिच्या पाठीशी हातभर अंतरावर, कारण ती पडली तर डोकं माझ्या मांडीवर आलं पाहिजे. इतक्या वर्षांत वंदनेच्या वेळी ती एकदाही पडली नाही. का, ते मला माहीत नाही. मी प्रत्येक रविवारी तयारीत मात्र असायचे.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं तेव्हा आमच्या केंद्रावर आठवड्यातून दोनदा येणारे मेंदूचे डॉक्टर परदेशातून काही शिकून आले. उरलेले दिवस ते डोंबिवलीत बसायचे. स्वभावाने रागीट, पण समजावून सांगायला लागले की वेळेचं भान नसायचं. त्यांनी मला समोर बसवून कागदावर मान आणि डोकं काढलं. मानेत डाव्या बाजूला व्हेगस नावाची एक नस असते, ती पोटापासून, हृदयापासून निघून वर मेंदूच्या देठात शिरते. तिला थोड्या थोड्या वेळाने विजेचा बारीक झटका देत राहिलं तर तो मेंदूच्या देठातून वर पसरतो आणि हळूहळू फिट येण्याची मेंदूची खोडच कमी होते. छातीच्या कातडीखाली घड्याळाएवढी चपटी बॅटरी, तिथून मानेतल्या नसेपर्यंत तार. दर पाच मिनिटांनी तीस सेकंद.

"वर पसरतो म्हणजे नेमकं काय होतं?" मी विचारलं.

"ते नीट कुणालाच माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "होतं एवढं माहीत आहे. सगळ्यांना होत नाही, हेही माहीत आहे."

परदेशातून त्यांना मोजकी यंत्रं पेशंटसाठी मोफत मिळणार होती. धाकटीचं नाव त्यांनी घातलं ते माझ्यामुळे. घरातच आलेख काढणारं माणूस आहे, नोंदी चोख राहतील. मला त्याचा केवढा तोरा आला होता. तिने एवढंच विचारलं की साडी नेसल्यावर तार दिसेल का.

मुंबईत ऑपरेशन झालं. दोन आठवड्यांनी यंत्र चालू केलं, ते कोपरीला, माझ्याच खोलीत, ती माझ्या यंत्राला जोडलेली असताना. कंपनीचा एक टाय लावलेला मुलगा आला होता. त्याने एक चुंबक दिला, पेजरएवढा, कमरेला अडकवायचा. फिट येतेय असं वाटलं तर तो छातीवरच्या बॅटरीवरून एकदा फिरवायचा, म्हणजे जादा झटका मिळतो. तो आणखीही काही सांगत होता. मी ऐकत नव्हते. माझे डोळे कागदावर होते. इतक्या वर्षांच्या त्या टोकदार उड्या आता विरतील, आणि त्या विरताना मी बघेन, या आशेने मी अक्षरशः श्वास धरून उभी होते.

काहीही झालं नाही. यंत्र चालू झालं, आणि मेंदूची पेनं आधी चालली होती तशीच चालत राहिली. पानामागे दोन स्पाइक. फक्त सगळ्यात खाली हृदयाच्या ठोक्यांचं जे एक पेन असतं ते अर्धा मिनिट थरथरलं, दाट खरडलं आणि परत सरळ झालं. ती यंत्राची वीज होती, बाकी काही नाही. पाच मिनिटांनी परत तसंच. मी डॉक्टरांना म्हटलं, काही फरक नाही. ते हसले. म्हणाले, कागद सगळं सांगत नाही. मला ते हसणं अजिबात आवडलं नाही.

आणखी एक गोष्ट झाली. ती टेबलावरून उठताना म्हणाली, "ताई, गळ्यात काहीतरी," आणि मधल्याच शब्दाला तिचा आवाज घोगरा झाला. त्या नसेचा एक फाटा स्वरयंत्राला जातो. तीस सेकंद तिचा आवाज बसायचा, मग मोकळा व्हायचा, पाच मिनिटांनी पुन्हा बसायचा. डॉक्टर म्हणाले, पुष्कळांचा हा त्रास काही महिन्यांत कमी होतो. मी मान डोलावली. माझ्या लेखी ही बारीक गोष्ट होती.

फिट कमी झाल्या. पटकन नाही. महिने लागले, आणि मला ते मान्य करायला त्याहून जास्त लागले, कारण कागदावर फारसं काही दिसत नव्हतं. पण कॅलेंडरवर मी लाल पेनाने ज्या फुल्या करायचे त्या विरळ झाल्या. सहा-सात महिन्यांनी असं झालं की दोन आठवड्यांत एकदाच आलं. बाबा रोज सकाळी कॅलेंडरपुढे उभे राहून मिशीत हसायचे. मी मात्र अजून बेचैन. रोज येणाऱ्या गोष्टीला माणूस सरावतो. कधीतरी येणारी जास्त छळते.

विहारात दर रविवारी पाच-पाच मिनिटांनी वंदना मोडायची. ती सूर धरायची, मागची माणसं तिच्यावर भिस्त ठेवून निघायची, आणि मध्येच तिचा आवाज खरखरत खाली बसायचा. लोक थांबायचे. लहान पोरं एकमेकांकडे बघून हसायची. ती तीस सेकंद नुसते ओठ हलवायची. दोन महिने असं चाललं, मग महिला मंडळाच्या अध्यक्ष बाई घरी आल्या, चहा प्यायल्या, तब्येतीची फार काळजी वाटते म्हणाल्या आणि पुढची वंदना दुसऱ्या मुलीकडे दिल्याचं सांगून गेल्या. धाकटी बरं म्हणाली. त्यानंतर रविवारी तिचं डोकं दुखायला लागलं. मी मनात म्हटलं, ठीक आहे, एक सुटलं तर एक मिळालं. मला खरंच असं वाटलं होतं, आणि आज लिहिताना त्याची लाज वाटते.

चुंबकाची गोष्ट यानंतरची. तो ती कुठेही ठेवायची. मशीनवर, उशीखाली, एकदा तर पिठाच्या डब्यावर. एका दुपारी जिन्यात तिला चाहूल लागली, नेहमी लागते तशी, मान वळायच्या आधी दोन-तीन सेकंद. चुंबक आतल्या खोलीत होता. मी धावत जाऊन आणेपर्यंत ती चार पायऱ्या घसरली होती. माझं डोकं सटकलं. मी तिला नको नको ते बोलले आणि बसल्या बैठकीला निळ्या ब्लाउजपीसच्या तुकड्याची पिशवी शिवली. चुंबक आत घालून तोंड शिवून टाकलं, त्याला दोरा ओवला आणि तिच्या गळ्यात बांधला. घरात तेव्हा काळाच दोरा होता. पिशवी बरोबर छातीवर, डाव्या बाजूला, बॅटरीपाशी येईल अशी गाठ मारली, म्हणजे हात गेला की लागलाच.

बाबा वर्तमानपत्रातून बघत होते. म्हणाले, "शेवटी गंडा बांधलासच."

मी भडकले. हे यंत्र आहे, डॉक्टरांनी दिलंय, यामागे शास्त्र आहे, तुमच्या त्या ताइतात काय होतं, असं बरंच काही बोलले. बाबांनी पान उलटलं. मग हळूच विचारलं की डॉक्टरांनी गळ्यात बांधायला सांगितलंय का. मी म्हटलं, एवढं न कळायला मी काय अडाणी आहे? इतकी वर्षं यात काढली.

पुढच्या काही दिवसांत माझ्या लक्षात आलं की तिचा आवाज सुधारलाय. घोगरेपणा गेलाच म्हणा. डॉक्टर बोललेच होते, कमी होईल. मी खुशीत आले. अध्यक्ष बाईंना मी स्वतः जाऊन सांगितलं, आणि रविवारी ती परत पुढे बसली. वंदना पहिल्यापासून शेवटपर्यंत अखंड झाली. बाबांनी डोळे पुसले. मी मागे हातभर अंतरावर होतेच. मला वाटलं, आता आपलं सगळं जुळून आलं.

दुसऱ्या आठवड्यात फुल्या वाढल्या. मंगळवारी एक, गुरुवारी एक, शनिवारी दोन. पिशवी गळ्यात होती, चाहूल लागली की ती पिशवीवर हात दाबायची, तरी पडायची. त्यानंतरच्या रविवारी वंदना संपवून ती विहाराच्या पायऱ्या उतरत होती. मी एका बाईशी दोन शब्द बोलायला थांबले होते. दोनच शब्द. ती तोंडावर पडली. हनुवटी फाटली, पुढचे दोन दात गेले. तिची पांढरी साडी पुढून सगळी लाल झाली आणि कुणीतरी परत 'बिचारी' म्हणालं.

सोमवारी मी तिला कोपरीला नेलं. हनुवटीला सहा टाके, तोंड सुजलेलं. यंत्र बिघडलंय याची मला खात्री होती. त्या टायवाल्या मुलाला काय काय सुनवायचं ते मी बसमध्येच ठरवलं होतं. तारा लावल्या. आमच्याकडे गळ्यातलं, कानातलं काढून ठेवायला सांगतात. मी पिशवीला हात घातला तर तिने ती घट्ट धरली. नको म्हणाली, भीती वाटते. राहू दे म्हटलं. पेनं चालू केली.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. मी स्पाइक मोजत होते, पानामागे तीन, आणि सगळ्यात खालचं हृदयाचं पेन आपलं नेमाने ठोके काढत होतं. अर्धा तास झाला तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ते पेन एकदाही थरथरलं नव्हतं. पाच मिनिटांनी यायला हवी ती दाट खरड कुठेच नव्हती. बॅटरी मेली असं वाटून मी तिच्यावर वाकले, छाती चाचपायला पिशवी बाजूला सारली आणि दोरा तिच्या डोक्यावरून काढून टाकला.

पेन थरथरलं. तेवढ्यात ती म्हणाली, "ताई, थांब," आणि 'थांब' घोगरा आला.

मी पिशवी परत छातीवर टेकवली. पेन सरळ. उचलली, पेन थरथरलं. असं मी तीन वेळा केलं. चुंबक एकदा फिरवला तर जादा झटका देतो, पण तिथेच धरून ठेवला तर यंत्र गप्प बसवतो. त्या मुलाने त्या दिवशी हेच तर सांगितलं असणार. मी कागद बघत होते. तिचं यंत्र मी माझ्या हाताने, काळ्या दोऱ्याने, गाठ मारून बंद केलं होतं. चौदा दिवस.

ती टेबलावर डोळे मिटून पडली होती, डोक्यात माझ्या एकवीस तारा.

"मला तिसऱ्याच दिवशी कळलं," ती म्हणाली. आवाज अजून खरखरत होता. "आंघोळीला पिशवी काढली की घसा धरायचा. घातली की मोकळा. मी दोन-तीनदा करून बघितलं."

मी विचारलं की मग बोलली का नाहीस. माझा आवाज चढला होता. बाहेर रांगेत पेशंट बसलेले होते, त्यांना ऐकू गेलं असणार. दात गेले, हनुवटी फाटली, जीव गेला असता. तू वेडी आहेस का?

आवाज मोकळा होईपर्यंत ती थांबली असावी, कारण पुढचं ती, तोंड सुजलेलं असूनही, अगदी मोकळ्या आवाजात बोलली.

"मी पडते तेव्हा मला काहीच कळत नाही, ताई. ते तुम्हाला दिसतं. माझ्यासाठी मध्ये नुसतं रिकामं असतं आणि मग तुझा चेहरा. पण आवाज जातो ना, तेव्हा मी इथेच असते. तो मला कळतो."

मी इतकी वर्षं तिचा मेंदू मोजत होते आणि हे मला कधी सुचलं नव्हतं. तिची फिट हे माझं दुःख होतं. तिचं दुःख मी चहाच्या कपाबरोबर अध्यक्ष बाईंच्या हवाली केलं होतं. मला तिची माफी मागता आली नाही. मी तारा काढल्या, तिच्या केसांतली पेस्ट गरम पाण्याने पुसली, आणि ते करताना रडत होते. तिने डोळे उघडले नाहीत, बरं झालं.

डॉक्टरांनी मला झापलं. ओरडून झाल्यावर म्हणाले की थोडा वेळ यंत्र गप्प करायला हरकत नाही. परदेशात गाणारे लोक करतात. वंदनेपुरता चुंबक हाताने धरायचा, झालं की काढायचा, बांधायचा नाही. तेवढ्या वेळात फिट येणारच नाही असं नाही, हेही त्यांनी सांगितलं. मी लगेच विचारायला लागले की किती मिनिटं, कुठल्या कडव्यापर्यंत, मी शेजारी बसून धरला तर चालेल का. त्यांनी मला मध्येच थांबवलं. "ते त्या ठरवतील. चुंबक त्यांचा आहे." इतकी वर्षं ते माझ्याशी बोलायचे आणि ती शेजारी बसलेली असायची. त्या दिवशी पहिल्यांदा ते तिच्याकडे वळून बोलले.

टाके सुकून नवे दात बसवेपर्यंत महिना गेला. फुल्या परत विरळ झाल्या. मग एका शनिवारी भाजी निवडताना ती म्हणाली की उद्या ती वंदनेला बसणार आहे, अध्यक्ष बाईंशी बोलणं झालंय.

"बरं," मी म्हटलं. "मग मी पांढरी साडी काढते."

"तू येऊ नको."

मी तिच्याकडे बघितलं. ती शेंगांच्या शिरा काढत होती.

"तू मागे बसलीस की मला वाटतं मी आता पडणारच. बाबा आहेत तिथे. माणसं आहेत."

मी भांडले. पुष्कळ भांडले. शेवटी म्हटलं, तुला काही झालं तर मला सांगायला येऊ नको. इतकं खोटं मी आयुष्यात दुसरं काही बोलले नसेन.

रविवारी ती आणि बाबा साडेआठला गेले. तिचा चुंबक पदराआड मुठीत होता. आमच्या गॅलरीतून विहाराचं छप्पर आणि त्यावरचा कर्णा दिसायचा, सगळ्या वसाहतीला वंदना ऐकू जायची. मी गॅलरीत उभी राहिले. पायांत चपला होत्या. दार उघडं ठेवलं होतं. जिना उतरून विहारापर्यंत पळत किती वेळ लागेल, ते मी आधीच काढून ठेवलं होतं.

कर्णा खरखरला, आणि तिचा आवाज आला. पहिल्या दोन शब्दांतच मला कळलं की तिने चुंबक छातीवर धरलाय. आवाज स्वच्छ होता. पाच मिनिटं गेली, स्वच्छ. दहा गेली, स्वच्छ. समोरच्या इमारतीतली एक बाई कपडे वाळत घालताना थांबून ऐकत होती. मी कठडा धरून उभी होते. आवाज जितका चांगला लागत होता, तितका वेळ यंत्र बंद होतं. मला तो इतका सुंदर कधीच ऐकू आला नव्हता, कारण आजवर मी त्याच्या मागे बसून मांडीचीच काळजी करत होते. मला वाटत होतं, थांब आता, पुरे, हात काढ. आणि वाटत होतं, थांबू नको. एकदा मी दारापर्यंत गेले. एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला. मग परत फिरले, गॅलरीत जमिनीवर बसले आणि चपला काढल्या.

शेवटचं 'साधु, साधु, साधु' झालं. कर्णा बंद झाला. त्यानंतरची पंधरा मिनिटं कशी गेली ते मी सांगू शकत नाही.

जिन्यावर पावलं वाजली. बाबांची जड, मागे तिची. ती आत आली, घामेजलेली, हनुवटीवरचा व्रण लाल झालेला. चुंबक तिने टेबलावर ठेवला आणि पाण्याचा तांब्या उचलला. माझ्याकडे न बघता विचारलं, "इथपर्यंत ऐकू आलं का?" आणि ते विचारता विचारताच तिचा आवाज बसला, खरखरत, घोगरा, अर्धा शब्द घशातच.

मी होकारार्थी मान डोलावली. त्या घोगऱ्या आवाजात ती आणखी काहीतरी बोलत होती, कोण कोण आलं होतं, अध्यक्ष बाई काय म्हणाल्या. मी नुसती ऐकत बसले होते.